लाइट जाऊन आली की सर्व्हर सुरू होतो, पण साठा रिकामा दिसतो: बाहेरच्या डिस्कच्या माउंटची कायमची दुरुस्ती

घरी रास्पबेरी पाय किंवा जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन किंवा उबुंटू, यूएसबीला लावलेली एक-दोन टेराबाइटची डिस्क, वर सांबा (फाइली वाटायला), जेलीफिन (सिनेमे बघायला), नेक्स्टक्लाउड (फोटो-फाइली ठेवायला). नवशिक्याचा पहिला सर्व्हर बहुतेक असाच असतो आणि महिनोन्‌महिने छान चालतो. मग एकदा लाइट जाते, दहा मिनिटांनी येते, आणि खालीलपैकी एक काहीतरी दिसतं.

सर्व्हर चालू आहे, पिंगला उत्तर देतो, पण सगळे फोटो आणि सिनेमे गायब. किंवा एसएसएच (दुरून लॉगिन) लागतच नाही आणि मॉनिटर जोडल्यावर ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’ ही ओळ दिसते. किंवा सगळं नीट वाटतं आणि चार दिवसांनी सर्व्हर ज्यावरून चालतो ते ३२ जीबीचं कार्ड पूर्ण भरतं, ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येऊन एकेक सेवा बंद पडते. पुन्हा सुरू केलं की कधी बरं होतं, कधी नाही. पुढच्या वेळी लाइट गेली की परत तेच.

वरवर तीन वेगळे आजार, पण मूळ एकच. डिस्क वेळेवर माउंट झालेली नसते, म्हणजे ठरलेल्या फोल्डरवर जोडली गेलेली नसते, आणि ‘डिस्क नसेल तर काय करायचं’ हे सर्व्हरला कुणी सांगितलेलं नसतं. इंटरनेटवर यावर ‘नोफेल लाव’ (म्हणजे डिस्क नसली तरी पुढे जा) असा एका शब्दाचा उपाय मिळतो. तो खरा आहे, पण अर्धा आहे. नुसता तेवढा लावला तर दुसऱ्या तक्रारीची तिसरी तक्रार होते, आणि तिसरी जास्त घातक आहे.

आज्ञा आणि फाइलींचे पत्ते इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टंकायच्या, पुढे सुडो लावून. कॉन्फिगरेशनमधल्या नावांत मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. डिस्कची जागा सगळीकडे /एसआरव्ही/साठा अशी धरली आहे, तुमची वेगळी असेल तर ती घाला.

नक्की काय घडतं

माउंट पॉइंट म्हणजे मुळात एक साधं रिकामं फोल्डर. ते कार्डावर, म्हणजे मूळ डिस्कवर असतं. बाहेरची डिस्क त्यावर माउंट झाली की त्या फोल्डरच्या जागी डिस्कमधला माल दिसू लागतो, आणि फोल्डरमध्ये आधीचं काही असेल तर ते खाली झाकलं जातं. जमिनीवर सतरंजी टाकावी तसं. सतरंजी नसली तरी जमीन असतेच, आणि सेवांना दोन्हींतला फरक कळत नाही. त्यांना /एसआरव्ही/साठा नावाचं फोल्डर सापडलं, त्यांनी तिथे लिहायला सुरुवात केली. ते लिखाण गेलं कार्डावर.

सुरू होताना सिस्टमडी (सगळ्या सेवा उठवणारा लिनक्सचा प्रोग्राम) /ईटीसी/एफएसटॅब ही फाइल वाचतं. कोणती डिस्क कुठे माउंट करायची ते तिच्यात लिहिलेलं असतं. तिथली एखादी डिस्क सापडली नाही तर ते ९० सेकंद वाट बघतं. तरी आली नाही, आणि त्या ओळीत नोफेल नसेल, तर पुढे जाणं धोक्याचं समजून ते इमर्जन्सी मोडमध्ये जातं. तिथे नेटवर्क सुरू झालेलं नसतं, म्हणून एसएसएच लागत नाही. नोफेल असेल तर सिस्टमडी त्या डिस्कसाठी अडून राहत नाही. डिस्क १५ सेकंदांनी आली तरी तोवर सांबा आणि डॉकर (सेवा कंटेनरांत चालवणारा प्रोग्राम) रिकाम्या फोल्डरवर उठून बसलेले असतात.

एरवी हे जाणवत नाही, कारण तुम्ही सर्व्हर ‘रीबूट’ करता तेव्हा डिस्क फिरतच असते. लाइट गेल्यावर मात्र डिस्क पूर्ण थांबलेली असते, साडेतीन इंची डिस्कला पूर्ण वेग घ्यायला सहज दहा सेकंद लागतात, आणि आपल्याकडे लाइट येते तीही बरेचदा दोन-तीनदा लुकलुकून. म्हणूनच हा दोष फक्त लाइट गेल्यावर उगवतो आणि हाताने केलेल्या चाचणीत सापडत नाही.

आधी बघा, हात नंतर लावा

फोटो दिसत नाहीत म्हणून घाईने काही स्कॅन करू नका, सिंक चालवू नका, आणि रात्रीचा बॅकअप आधी थांबवा. बॅकअपचं कारण पुढे येतंच. मग ही आज्ञा द्या:

फाइंडएमएनटी /एसआरव्ही/साठा

उत्तरात डिस्कचं नाव आणि फाइलसिस्टम आली तर डिस्क माउंट आहे, दुखणं दुसरीकडे आहे. काहीच उत्तर न येता नुसता प्रॉम्प्ट परत आला तर डिस्क माउंट नाही. मग:

एलएसबीएलके -एफ

या यादीत डिस्क (एसडीए, एसडीबी असं काहीतरी) दिसत असेल तर ती पोचली आहे, फक्त माउंट झालेली नाही. यादीतच नसेल तर वीज, केबल किंवा डबी (डिस्कचं बाहेरचं खोकं) यांपैकी काहीतरी आहे, आणि एफएसटॅबमध्ये कितीही बदल केले तरी उपयोग नाही.

या वेळचा लॉग जर्नलसीटीएल -बी ने दिसतो, मागच्या वेळचा जर्नलसीटीएल -बी -१ ने. मागचा मिळत नसेल तर लॉग फक्त रॅममध्ये राहतोय. /ईटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये ९९-कायम.कॉन्फ अशी फाइल करून तिच्यात पहिली ओळ [जर्नल] आणि दुसरी स्टोरेज=पर्सिस्टंट लिहा (जे आणि एस मोठे). पुढच्या वेळी लाइट गेल्यावर अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

इमर्जन्सी मोडमध्ये अडकला असाल तर

सगळ्यात सोपं आधी: सर्व्हर बंद करा, डिस्कला वीज द्या, ती फिरू लागल्याचा आवाज किंवा कंप हाताला लागू द्या, मग सर्व्हर सुरू करा. बरेचदा एवढ्यानेच वर येतो.

आला नाही तर मॉनिटर-कीबोर्ड जोडा. रूटचा पासवर्ड विचारला तर द्या, एफएसटॅब उघडा (नॅनो /ईटीसी/एफएसटॅब), साठ्याच्या ओळीसमोर # लावा, साठवा आणि रीबूट करा. रास्पबेरी पायवर मात्र रूटचं खातं मुळात कुलूपबंद असतं. तिथे ‘कॅनॉट ओपन ॲक्सेस टू कन्सोल, द रूट अकाउंट इज लॉक्ड’ अशी ओळ येते आणि एंटर दाबत राहिलं तरी परत तीच येते. नवशिके इथेच कार्ड फॉरमॅट करून सगळं पहिल्यापासून करायला घेतात. त्याची गरज नाही. कार्ड काढून कोणत्याही संगणकात घाला. विंडोजलाही बूटचं छोटं पार्टिशन दिसतं. त्यात सीएमडीलाइन.टीएक्सटी आहे. ती सगळी एकाच ओळीची फाइल आहे, दुसरी ओळ करायची नाही. शेवटी एक जागा सोडून जोडा:

इनिट=/बिन/एसएच

कार्ड परत लावून सुरू केलं की थेट शेल मिळतं. तिथे मूळ फाइलसिस्टम फक्त वाचण्यापुरती असते, म्हणून आधी माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / द्या, मग एफएसटॅबमधल्या ओळीसमोर # लावा, सिंक द्या आणि रीबूट -एफ करा. नंतर सीएमडीलाइनमधून ते शब्द काढायला विसरू नका, नाहीतर दर वेळी शेलच येत राहील.

सतरंजीखालचा केर

कार्ड भरलं असेल तर डीएफ -एच / दाखवतं ९८ किंवा १०० टक्के, पण डीयू -एक्सएच --मॅक्स-डेप्थ=१ / ने बेरीज केली तर आठ-नऊ जीबीच भरते. बाकीचे वीस जीबी गेले कुठे? डिस्क आत्ता माउंट असेल तर ते तिच्याखाली झाकलेले आहेत. डीयूला सतरंजी दिसते, जमीन दिसत नाही. (सतरंजीखालीही काही नसेल तर एलएसओएफ +एल१ देऊन बघा. पुसलेली पण एखाद्या सेवेने अजून उघडी धरलेली मोठी लॉग फाइलसुद्धा असाच फरक पाडते. त्या आज्ञेत एल मोठा आहे.)

खालचं बघायला डिस्क काढायची गरज नसते:

एमकेडीर /एमएनटी/तळ
माउंट --बाइंड / /एमएनटी/तळ
डीयू -एसएच /एमएनटी/तळ/एसआरव्ही/साठा

या फोल्डरमध्ये मूळ डिस्क जशी आहे तशी दिसते, वर काही न अंथरता. इथे काही सापडलं तर लगेच पुसू नका. त्यात त्या चार दिवसांत फोनवरून चढलेले खरे फोटो असू शकतात, आणि फोनवरून ते आता पुसलेलेही असतील. आधी सेवा थांबवा, मग आरसिंक या प्रत करणाऱ्या आज्ञेने कोरडी तालीम करा, म्हणजे काही न हलवता नुसती यादी बघा:

आरसिंक -एव्हीएन --इग्नोर-एक्झिस्टिंग /एमएनटी/तळ/एसआरव्ही/साठा/ /एसआरव्ही/साठा/

पहिल्या पत्त्याच्या शेवटची तिरकी रेघ महत्त्वाची. ती गळली तर ‘साठा’च्या आत आणखी एक ‘साठा’ तयार होतो. यादी ठीक वाटली की पर्यायांतला एन काढून तीच आज्ञा परत द्या. फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं अशी हलवता येतात. डेटाबेस नाही. पोस्टग्रेसच्या डॉकर इमेजला रिकामं फोल्डर मिळालं की ती नवा कोरा डेटाबेस मांडते. खालचा डेटाबेस म्हणजे तो कोरा, वरचा म्हणजे तुमचा खरा. दोघांच्या फाइली एकत्र झाल्या तर दोन्ही हातचे जातात. खालचा नुसता बाजूला ठेवा. सगळं हललं आणि उघडून तपासलं की मगच तळातलं पुसा, आणि शेवटी युमाउंट /एमएनटी/तळ.

बॅकअप का थांबवायचा

बहुतेक घरच्या सर्व्हरांवर रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) आरसिंक -ए --डिलीट चालतो, साठ्यातून दुसऱ्या डिस्कवर. --डिलीटचा अर्थ, मूळ जागी जे नाही ते बॅकअपमधूनही काढ. आता डिस्क माउंट नाही आणि मूळ फोल्डर रिकामं आहे. आरसिंक इमानदारीने रिकाम्याची प्रत करतो, म्हणजे अख्खा बॅकअप पुसतो. लाइट संध्याकाळी गेली आणि तुम्ही ‘सकाळी बघू’ म्हटलंत, तर रात्री दोन वाजता हे होऊन गेलेलं असतं. त्याच झटक्यात मूळ डिस्कही बिघडली असेल तर घरातले फोटो कुठेच उरत नाहीत. म्हणून बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये अगदी वर या दोन ओळी हव्यातच:

माउंटपॉइंट -क्यू /एसआरव्ही/साठा || एक्झिट १
माउंटपॉइंट -क्यू /एसआरव्ही/बॅकअप || एक्झिट १

पहिली मूळ डिस्कसाठी, दुसरी बॅकअपच्या डिस्कसाठी. दुसरी नसेल तर बॅकअप डिस्क न आलेल्या रात्री सगळा बॅकअप कार्डावर ओतला जातो. या लेखातलं एकच काहीतरी आज करणार असाल तर हे करा.

सिंकथिंग आणि नेक्स्टक्लाउड हीच काळजी स्वतः घेतात. आपल्या फोल्डरमध्ये ते खुणेची एक लपलेली वस्तू ठेवतात आणि ती दिसली नाही तर काम नाकारतात. त्यांच्या त्या तक्रारीवर ‘उपाय’ म्हणून ती खूण हाताने परत बनवू नका. आधी फाइंडएमएनटी.

एफएसटॅबची ओळ

एसडीए१ असं नाव कधी वापरायचं नाही. दोन डिस्का असतील तर कोण आधी फिरलं यावर एसडीए आणि एसडीबी ठरतं. लाइट आल्यावर दोघींची अदलाबदल होणं अगदी शक्य असतं. एलएसबीएलके -एफ मध्ये दिसणारा यूयूआयडी वापरा. तो फाइलसिस्टमचा स्वतःचा असतो, पोर्ट बदलला तरी बदलत नाही. पूर्ण ओळ अशी:

यूयूआयडी=तुमचा-क्रमांक /एसआरव्ही/साठा ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोएटाइम,नोफेल,एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=६० ० २

पहिला यूयूआयडी हा शब्द मोठ्या अक्षरांत, आणि बरोबरच्या चिन्हाभोवती जागा नको. पर्यायांच्या स्वल्पविरामांनंतरही जागा सोडायची नाही. तिथे एक जागा पडली की पुढचा शब्द पुढच्या रकान्याचा समजला जातो आणि ओळच बिघडते. शेवटचा २ म्हणजे मूळ डिस्कनंतर हिची तपासणी कर.

साठवल्यावर लगेच रीबूट करू नका. आधी फाइंडएमएनटी --व्हेरिफाय द्या, ते एफएसटॅबमधल्या चुका वाचून दाखवतं. मग सिस्टमसीटीएल डेमन-रीलोड, मग माउंट -ए. शेवटची आज्ञा काही न बोलता परतली आणि फाइंडएमएनटीला डिस्क दिसली, तर ओळ बरोबर आहे.

रिकाम्या फोल्डरला कुलूप

आता नोफेलने उघडलेलं दार बंद करू. डिस्क काढा (सेवा थांबवून युमाउंट /एसआरव्ही/साठा), फोल्डर खरंच रिकामं आहे हे एलएस -ए ने बघा, आणि:

सीएचएटीटीआर +आय /एसआरव्ही/साठा

यानंतर त्या रिकाम्या फोल्डरमध्ये रूटलासुद्धा काही लिहिता येत नाही. टच /एसआरव्ही/साठा/चाचणी करून बघा, ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ यायला हवं. आता माउंट -ए करा आणि तीच टच परत द्या. चालते, कारण कुलूप जमिनीला आहे, सतरंजीला नाही. डिस्क नसताना लिहू पाहणारी प्रत्येक सेवा आता मुकाट्याने कार्ड भरण्याऐवजी तिथल्या तिथे मोठ्याने बंद पडेल, आणि आपल्याला तेच हवं आहे. कुलूप आहे का हे एलएसएटीटीआर -डी ने दिसतं, पण तेही डिस्क माउंट नसतानाच. मूळ फाइलसिस्टम ईएक्सटी४ असेल तर हे हमखास चालतं, आणि घरच्या सर्व्हरवर ती बहुतेक तीच असते.

सेवांना थांबायला शिकवणं

कुलूप लावल्यावर उरतो तो वेळेचा प्रश्न: डिस्क १५ सेकंदांनी येणार असेल तर सांबाने तोवर थांबावं. सिस्टमसीटीएल एडिट एसएमबीडी (हे सांबाच्या सेवेचं नाव) द्या आणि उघडलेल्या फाइलमध्ये लिहा:

[युनिट]
रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एसआरव्ही/साठा

(यू मोठा, आणि दुसऱ्या ओळीत आर, एम, एफ मोठे.) आता सांबा डिस्कची वाट बघेल, आणि वर दिलेल्या ६० सेकंदांत ती आली नाही तर सुरूच होणार नाही. जेलीफिनलाही असंच. डिस्क उशिरा, तुम्ही केबल नीट बसवल्यावर आली, तर माउंट -ए करून सिस्टमसीटीएल स्टार्ट एसएमबीडी हाताने द्यायचं.

डॉकरला डोळे झाकून हीच ओळ लावू नका. त्याच डॉकरमध्ये पाय-होल (जाहिराती अडवणारा डीएनएस सर्व्हर) चालत असेल आणि घराचं डीएनएस, म्हणजे वेबसाइटच्या नावांचे पत्ते शोधणं, त्यावर असेल, तर एका डिस्कपायी घरातल्या सगळ्यांचं इंटरनेट बंद पडेल. डॉकरला वाट बघायला लावा, अडवू नका. सिस्टमसीटीएल एडिट डॉकर देऊन लिहा:

[युनिट]
वॉन्ट्स=एसआरव्ही-साठा.माउंट
आफ्टर=एसआरव्ही-साठा.माउंट

(यू, डब्ल्यू आणि ए मोठे.) माउंटचं हे नाव पत्त्यावरूनच बनतं, मधल्या तिरक्या रेघेच्या जागी आडवी रेघ येते. डॉकर डिस्क येईपर्यंत किंवा मुदत संपेपर्यंत थांबतो, मग काही झालं तरी सुरू होतो. डिस्क नसेल तर पाय-होल चालतो, फोटोंचा कंटेनर पडतो. तो पडावा म्हणून त्याला साठ्याच्या आतलं फोल्डर द्या, उदाहरणार्थ /एसआरव्ही/साठा/फोटो. डॉकरची एक खोड आहे: -व्ही ने दिलेलं फोल्डर सापडलं नाही तर तो ते गुपचूप स्वतः बनवतो. आता कुलपामुळे त्याला बनवता येणार नाही. --माउंट टाइप=बाइंड या पद्धतीने दिलंत तर तो बनवायला जातच नाही, सरळ चूक दाखवतो. नव्याने लिहिताना तीच पद्धत धरा.

डिस्क मुळात उशिरा का येते, किंवा येतच नाही

काही डब्या आणि डॉक यांना बटण असतं, आणि वीज जाऊन आली की ते परत दाबेपर्यंत त्या बंदच राहतात. रात्री एकदा डबीचा अडॅप्टर काढून परत लावा. डिस्क आपणहून फिरू लागली नाही तर ती डबी सर्व्हरच्या कामाची नाही, वर सांगितलेली कोणतीही ओळ तिला उठवू शकत नाही. जुन्या पीसीलाही हेच लागू: बायोसमध्ये ‘रिस्टोर ऑन एसी पॉवर लॉस’ असं काहीसं असतं, ते ‘पॉवर ऑन’ किंवा ‘लास्ट स्टेट’ करा.

अडीच इंची डिस्क पायच्या यूएसबीवरच चालत असेल तर विजेचं गणित मांडा. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात. पाय ५ ला ५ अँपिअरचा अडॅप्टर असेल तर १.६, नाहीतर फक्त ०.६. फिरणारी डिस्क सुरू होताना एकटीच यातला मोठा वाटा ओढते, आणि मोबाइलचा चार्जर लावलेला असेल तर व्होल्टेज तिथेच बसतं. व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड द्या. ०एक्स० आलं तर वीज पुरेशी आहे. ०एक्स५०००० किंवा ०एक्स५०००५ असं काही आलं तर सुरू झाल्यापासून कधीतरी वीज कमी पडली आहे. पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर, आणि डिस्कला स्वतःचा वीजपुरवठा असलेला यूएसबी हब, हा त्यावरचा खरा इलाज.

विंडोजवरून आणलेली एनटीएफएसची डिस्क तशीच लावली असेल तर लाइट गेल्यावर तिच्यावर ‘नीट बंद झाली नाही’ अशी खूण राहते. कर्नल ५.१५ पासून आलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर अशी डिस्क माउंट करायला नकार देतो, आणि लॉगमध्ये ‘व्हॉल्यूम इज डर्टी’ दिसतं. एनटीएफएसफिक्स -डी ने खूण पुसता येते, पण दर वेळी तेच करावं लागेल. डिस्क कायम सर्व्हरलाच राहणार असेल तर माल हलवून ती ईएक्सटी४ करा. ईएक्सटी४ जर्नल ठेवतं. वीज गेल्यास शेवटच्या काही सेकंदांचं लिखाण जाईल, पण रचना सुरुवातीलाच स्वतः जुळवून घेते. एक्सफॅटला जर्नलच नाही. सर्व्हरच्या कायमच्या डिस्कवर ते नको.

आणि डिस्कच म्हातारी झाली आहे का हेही एकदा बघून घ्या: स्मार्टसीटीएल -ए -डी सॅट /डेव्ह/एसडीए. ५ आणि १९७ या क्रमांकांच्या ओळींत शेवटचा आकडा शून्य हवा. तो शून्य नसेल आणि वाढत असेल तर आजच माल हलवा. १९९ वाढत असेल तर दोष डिस्कचा नसून बहुतेक जोडणीचा असतो. १९२ मध्ये अचानक वीज गेल्याच्या वेळा मोजल्या जातात. दर गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाणाऱ्या भागात हा आकडा कसा चढतो ते बघितलं की यूपीएसचा खर्च पटतो.

यूपीएस

पाय, डिस्क आणि राउटर मिळून भार इतका कमी असतो की संगणकाचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस त्यांना बराच वेळ धरतो. पण यूपीएस ही फक्त मुदत आहे. ती संपायच्या आत सर्व्हर स्वतःहून बंद झाला नाही तर लाइट दहा मिनिटं उशिरा गेली एवढंच होतं. घेताना मागे यूएसबीचं भोक आहे का बघा, आणि विकणाऱ्याला विचारा की ते माहितीचं आहे की नुसतं मोबाइल चार्जिंगचं.

माहितीचं असेल तर एनयूटी (यूपीएसशी बोलणारा प्रोग्राम) बसवा. नट-स्कॅनर -यू (यू मोठा) देऊन ड्रायव्हर कळतो. बऱ्याच स्वस्त यूपीएसना एनयूटीडीआरव्ही_क्यूएक्स लागतो, बाकीच्यांना यूएसबीएचआयडी-यूपीएस. यूपीएससी ने स्थिती बघताना ओएल म्हणजे लाइटवर, ओबी म्हणजे बॅटरीवर. स्वस्त यूपीएस बॅटरी संपत आल्याचं फार उशिरा सांगतात, म्हणून त्या इशाऱ्यावर अवलंबून राहू नका. यूपीएसशेड ने ओबी झाल्यावर पाच मिनिटांचा टायमर लावा आणि तो संपला की बंद करा.

यूएसबी नसेल तर एक साधी युक्ती आहे. यूपीएसवर नसलेलं, थेट भिंतीच्या पिनवर असलेलं एखादं वायफायचं उपकरण (स्मार्ट प्लग, जुना राउटर) शोधा. त्याला दर मिनिटाला पिंग करणारी छोटी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये ठेवा. सलग पाच वेळा उत्तर नाही आलं तर शटडाउन -एच नाऊ. मात्र घरातला मुख्य राउटर यूपीएसवर हवा, नाहीतर तो पडल्यावरही हेच उत्तर मिळेल.

एक खड्डा: सर्व्हर बंद झाला, आणि यूपीएसची बॅटरी संपण्याआधीच लाइट आली. सर्व्हरची वीज कधी तुटलीच नाही, म्हणून तो परत सुरूही होत नाही. एनयूटी नीट लावलं तर बंद होता होता तो यूपीएसलाच आपला पुरवठा तोडायला सांगतो, तेवढ्यासाठी ती सोय यूपीएसमध्ये असावी लागते. नसेल तर बटण दाबायला घरी कुणीतरी लागेल. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर त्याचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये बदलायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात सर्व्हर एकदा बसून उठतो.

लाइटनंतरच्या दोन तक्रारींना मात्र डिस्कशी काही देणंघेणं नाही. पत्ता बदलला असेल तर राउटरमध्ये सर्व्हरच्या मॅक ॲड्रेसला कायमचा आयपी बांधून द्या. आणि सुरू झाल्यावर काही मिनिटं एचटीटीपीएसच्या चुका येत असतील तर ते घड्याळ आहे. पाय ४ ला बॅटरीचं घड्याळ नसतं, नेट येईपर्यंत त्याची वेळ मागे असते. टाइमडेटसीटीएल ने बघा.

खरी तालीम

सगळं झाल्यावर रीबूटने तपासू नका, तो दोष रीबूटमध्ये दिसतच नव्हता. आधी बॅकअप ताजा करा. मग शटडाउन द्या, दिवे विझले की डिस्कची यूएसबी केबल काढा आणि सर्व्हर डिस्कविना सुरू करा. दोन मिनिटांनी हे दिसायला हवं: एसएसएच लागतो. फाइंडएमएनटी /एसआरव्ही/साठा गप्प. सिस्टमसीटीएल स्टेटस एसएमबीडी ‘इनॲक्टिव्ह’ सांगतं. डीएफ -एच / चा आकडा कालचाच आहे. बॅकअपची स्क्रिप्ट हाताने चालवली तर काहीही न करता परतते (एको $? ने १ मिळतो).

मग केबल लावा, माउंट -ए, सांबा आणि फोटोंचा कंटेनर सुरू करा. शेवटी सगळं शटडाउन करून भिंतीवरचं मुख्य बटणच बंद करा, डिस्क पूर्ण थांबू द्या, आणि एकदम चालू करा. या वेळी कशालाही हात न लावता तीन मिनिटांत फोनवर फोटो दिसले पाहिजेत. दिसले नाहीत तर जर्नलसीटीएल -बी -यू एसआरव्ही-साठा.माउंट मधल्या शेवटच्या ओळी वाचा. ‘डिपेंडन्सी फेल्ड’ असेल तर डिस्क वेळेत आलीच नाही, वीज आणि डबी बघा, ‘राँग एफएस टाइप’ असेल तर एफएसटॅबचा तिसरा रकाना.